पिटातली टाळी आणि पुरुषत्वाची किंमत

‘खच्चीकरण’ हा शब्द मराठी माणसाच्या परिचयाचा झाला तो शेतीमुळे. गोऱ्ह्याला खच्ची केले की त्याचा बैल होतो. त्याची रग ओसरते, मान जुवाखाली येते आणि नांगराला वा गाडीला जुंपण्याजोगे एक सोशिक जनावर शेतकऱ्याच्या दावणीला उभे राहते. बैलाच्या या अवस्थेला खेड्यात कोणी हिणवीत नाही. बेंदराला किंवा पोळ्याला त्याचीच शिंगे रंगतात, त्याच्याच पाठीवर झूल चढते आणि पुरणपोळीचा घासही त्यालाच मिळतो. गावचा वळू त्या दिवशी कोठे भटकत असतो, याची चौकशी कोणी करीत नाही. हाच शब्द माणसाला लावला की मात्र सारा अर्थ पालटतो. बढती हुकलेल्या कारकुनापासून निवडणूक हरलेल्या पुढाऱ्यापर्यंत प्रत्येकाचे हल्ली ‘मानसिक खच्चीकरण’ होत असते, आणि ते सांगताना आपण शरीराच्या नेमक्या कोणत्या भागाविषयी बोलत आहोत याचे भान सांगणाऱ्याला नसते. एका अवयवात माणसाचे सारे सत्त्व साठविलेले असते ही समजूत भाषेत इतकी मुरली आहे की तिला समजूत म्हणणेही अनेकांना विचित्र वाटेल.

चित्रपटाने ही समजूत निर्माण केलेली नाही. तिचा व्यापार मात्र त्याने चांगलाच केला आहे. या व्यापाराचे आपल्याकडील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अवतार भोगल यांचा ‘जख्मी औरत’ हा १९८८ सालचा हिंदी चित्रपट. डिंपल कपाडिया यांनी त्यात पोलीस अधिकाऱ्याची भूमिका केली होती. या अधिकारी स्त्रीवर सामूहिक बलात्कार होतो, न्यायालयात आरोपी सुटतात, आणि मग अशाच अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रिया एकत्र येऊन गुन्हेगारांना गाठून त्यांचे पुंस्त्वहरण करतात. चित्रपटाला गर्दी लोटली. समीक्षकांपैकी अनेकांनी नाके मुरडली, आणि त्यांची तक्रार अगदीच अनाठायी नव्हती. अत्याचाराचा प्रसंग लांबवून, तपशिलाने दाखवायचा आणि शिक्षेचा प्रसंग सूचक ठेवायचा, ही या धाटणीच्या चित्रपटांची जुनी रीत आहे. ज्याने तिकीट पहिल्या प्रसंगासाठी काढले त्यालाही दुसऱ्या प्रसंगाला टाळी वाजवून आपण सज्जन असल्याची पावती घेऊन बाहेर पडता येते. एकाच तिकिटात पाप आणि प्रायश्चित्त दोन्ही उरकण्याची ही सोय निर्मात्यांनी पुरती ओळखली होती. बी. आर. चोप्रा यांच्या १९८० सालच्या ‘इन्साफ का तराजू’वरही हाच आक्षेप घेतला गेला होता.

तरीही पिटातल्या टाळीला केवळ आंबटशौक म्हणून मोडीत काढणे हा समीक्षकांचा आळस होय. ती टाळी कोणत्या काळात वाजली हे पाहिले पाहिजे. १९७२ च्या मार्च महिन्यात तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला उभा राहिला. मथुरा प्रकरण म्हणून तो पुढे देशभर गाजला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, तेव्हा तिची संमती असावी, असा त्या निकालाचा रोख होता. त्याविरुद्ध उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. मुंबईत व अन्यत्र स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. पोलीस कोठडीतील अत्याचारात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, अशी तरतूद तेव्हा आली. न्यायालयाच्या पायरीवरून हात हलवीत परतलेल्या स्त्रीची कथा पडद्यावर पाहताना प्रेक्षकांच्या मनात ही दहा-पंधरा वर्षे होती. पडद्यावरची ती पोलीस अधिकारी वर्दीतली असूनही तिला न्याय मिळत नाही, हे त्यांना अतिशयोक्तीचे वाटले नाही. निर्मात्याचा हेतू काहीही असो, संताप खरा होता.

या संतापाला मिळालेली वाट तपासण्याजोगी आहे. बलात्काराने स्त्रीची अब्रू जाते, तिचे सर्वस्व लुटले जाते, असे आपले चित्रपट सांगत आले. सर्वस्व शरीराच्या एका भागात असते हे एकदा मान्य केले की पुरुषाचे सर्वस्वही तसेच कोठेतरी असणार हे ओघानेच येते. आणि त्याने तिचे लुटले, तर तिने त्याचे लुटावे हा हिशेब बरोबर जुळतो. जमाखर्चाच्या वहीत तो शोभतो. पण या हिशेबाने बलात्काऱ्याचे म्हणणेच मान्य केलेले असते. स्त्रीला नमवायचे तर तिच्या देहावर हल्ला करावा लागतो, कारण ती म्हणजे तिचा देह, असे तो समजत असतो. सूडपटाची नायिका तेच सूत्र उलटे वापरते आणि प्रेक्षागृह तिला दुवा देते.

केरळात २०१२ मध्ये आलेला आशिक अबू यांचा ‘२२ फीमेल कोट्टायम’ या बाबतीत पुष्कळच शहाणा होता. त्याची नायिका कोट्टायमची एक तरुण परिचारिका आहे. परदेशी जाण्याची स्वप्ने पाहत ती बंगळूरला राहते, परदेशगमनाची कामे करून देणाऱ्या एका तरुणाच्या प्रेमात पडते आणि तोच तिला आपल्या मालकाच्या हवाली करतो. खोट्या आरोपाखाली तिला तुरुंगात धाडण्याची तजवीजही तोच करतो. सुटून आल्यावर ती त्याला गाठते, भूल देते आणि आपल्या परिचारिकेच्या कौशल्याने त्याचा लिंगच्छेद करते. हिंदी सूडपटातील टोळीबद्ध आरडाओरडा येथे नाही. तिच्या हातात जे हत्यार आहे ते तिच्या व्यवसायाचे आहे, आणि हा व्यवसाय केरळच्या अर्थव्यवस्थेचा कणा आहे. त्या राज्यातील हजारो मुली कर्ज काढून परिचर्येचे शिक्षण घेतात, देशात तुटपुंज्या पगारावर राबतात आणि परदेशीच्या नोकरीसाठी दलालांच्या दारात उभ्या राहतात. २०११-१२ च्या सुमारास खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांनी वेतनासाठी केलेले संप तेथे ताजे होते. प्रियकर, दलाल आणि मालक यांची साखळी प्रेक्षकांतील मुलींना समजावून सांगण्याची गरज नव्हती. चित्रपटाचे कौतुक झाले ते बहुधा या ओळखीमुळे. त्यावर टीका करणाऱ्या स्त्रियाही होत्या आणि त्यांचा मुद्दा दुर्लक्षणीय नव्हता. एवढ्या कर्तबगार मुलीला मुक्त होण्यासाठी अखेर पुरुषाच्या त्याच अवयवाकडे का वळावे लागले, असे त्या विचारीत होत्या. दोन वर्षांनी त्याची तमिळ आवृत्ती श्रीप्रिया यांनी काढली.

पडद्यावरची शिक्षा पडद्यावरच राहिली असती तर हा विषय चित्रपटाच्या स्तंभात संपला असता. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जे घडले त्यानंतर मात्र ती मागणी रस्त्यावर आणि विधिमंडळांच्या दारात आली. तामिळनाडूच्या तत्कालीन मुख्यमंत्री जयललिता यांनी जानेवारी २०१३ मध्ये रासायनिक खच्चीकरणाची तरतूद करावी असा आग्रह केंद्राकडे धरण्याचे जाहीर केले. न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांच्या समितीपुढे सुमारे ऐंशी हजार सूचना आल्या. समितीने २९ दिवसांत अहवाल दिला आणि फाशीप्रमाणेच खच्चीकरणाची शिफारसही नाकारली. संमतीवाचून एखाद्या नागरिकाच्या देहावर घातक परिणाम करणारे औषध लादणे घटनेत बसत नाही, हे तिचे कारण होते. दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाने बालकांवरील अत्याचारासाठी हीच शिक्षा विचारात घेण्यास केंद्राला सुचविले. इतर देशांत ती अस्तित्वात आहेही. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये, दक्षिण कोरियाने २०११ मध्ये, इंडोनेशियाने २०१६ मध्ये औषधाद्वारे होणाऱ्या खच्चीकरणाचे कायदे केले. अमेरिकेतील लुईझियाना राज्याने २०२४ मध्ये शस्त्रक्रियेचीही मुभा न्यायाधीशांना दिली. इंडोनेशियातील डॉक्टरांच्या संघटनेने हे काम आपल्या हातून होणार नाही असे सरकारला बजावले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. डॉक्टराने हत्यार शिक्षेसाठी उचलावे काय, हा प्रश्न सूडपटाला पडत नाही. त्या डॉक्टरांना तो पडला.

शिक्षा किती कठोर आहे यापेक्षा ती होणार किती निश्चित आहे याला गुन्हेगार अधिक भितो, असे बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्ये लिहून ठेवले. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये गुन्हेगारीचा हिशेब अर्थशास्त्राच्या भाषेत मांडला, आणि त्या वाटेने पुढे झालेल्या अभ्यासांचा कौलही बहुतांशी बेकारियाच्याच बाजूचा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार बलात्काराच्या खटल्यांत दोषसिद्धीचे प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास होते. नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी हा पीडितेच्या ओळखीचा असतो: शेजारी, नातेवाईक, मालक, लग्नाचे वचन देणारा. चित्रपटातला गुन्हेगार बहुधा अनोळखी गुंड असतो, त्यामुळे त्याच्या खच्चीकरणाला टाळी देणे सोपे जाते. घरच्या माणसावर अशी शिक्षा ओढवणार असेल तर तक्रार नोंदविण्यासाठी निघालेल्या मुलीचे पाऊल घरातूनच मागे खेचले जाईल. ओढणारे हात बहुधा आईचेच असतील.

पुरुषत्वाच्या या मोलाला कायद्याचाही आधार आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने ‘जबर दुखापत’ कशाला म्हणावे याची जी यादी दिली, तिच्यात पहिला क्रमांक पुंस्त्वहरणाचा आहे. डोळा जाणे, कान जाणे, हातपाय निकामी होणे हे सारे त्यानंतर येते. मेकॉलेच्या काळच्या मसुदाकारांनी हा क्रम लावला यात नवल नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने कलमांचे आकडे बदलले, यादीतला हा क्रम मात्र तसाच ठेवला.

इतर देशांच्या चित्रपटांनी याच विषयाकडे वेगळ्या वाटांनी पाहिले आहे. जपानच्या नागिसा ओशिमा यांनी १९७६ मध्ये, आबे सादा या स्त्रीच्या १९३६ सालच्या गाजलेल्या प्रकरणावर चित्रपट काढला. त्यातला छेद सूडातून येत नाही, हट्टी आसक्तीतून येतो. तेथे टाळीला जागाच उरत नाही. चेन कैगे यांच्या १९९३ सालच्या ‘फेअरवेल माय कन्क्युबाइन’मध्ये वेश्येच्या मुलाला नाटकमंडळीत घ्यावे म्हणून त्याची आई त्याचे सहावे बोट स्वतः तोडते, आणि पुढे तो मुलगा रंगभूमीवर आयुष्यभर स्त्री होऊन राहतो. बोट तुटताना जे तुटले ते प्रेक्षकाला कोणी सांगावे लागत नाही. पण सर्वांत विचार करण्याजोगा चित्रपट म्हणजे जेरार कोर्बियो यांचा १९९४ सालचा ‘फारिनेल्ली’. अठराव्या शतकातील इटलीत लहान मुलांचे खच्चीकरण करून त्यांचा कोवळा स्वर जन्मभर टिकविण्याचा धंदा चाले. चर्च अशा शस्त्रक्रियेला पाप म्हणे आणि आपल्या गायकवृंदात याच गायकांना नेमी. मुले बहुधा गरिबांची असत. हजारांत एखादा फारिनेल्ली होऊन राजदरबारी पोहोचे आणि बाकीचे कोठल्या तरी खेडेगावच्या प्रार्थनामंदिरात गात आयुष्य काढीत. हा दारिद्र्याने केलेला जुगार होता, आणि डावावर मुलाचा देह होता. चित्रपटासाठी तसा आवाज आज मिळणे शक्य नसल्याने उंच पट्टीत गाणाऱ्या एका पुरुषाचा आणि एका स्त्रीचा आवाज यंत्राने एकजीव करण्यात आला. प्रेक्षक त्या स्वराने मोहून जातात, आणि मोहून जाताना आपणही त्या जुन्या श्रोत्यांच्या रांगेत बसलो आहोत हे त्यांना जाणवते. ज्याच्या देहाची किंमत मोजली गेली त्याच्या गाण्याला दाद द्यावी की न द्यावी, असा पेच सूडपट कधी घालीत नाही.

मराठी प्रेक्षकालाही या पेचाची ओळख आहे, जरी येथे शस्त्र चालत नसले. आनंद यादव यांच्या कादंबरीवरून रवी जाधव यांनी २०१० मध्ये ‘नटरंग’ काढला. कागलकडचा गुणा हा पिळदार देहाचा शेतमजूर. तमाशाच्या वेडापायी फड काढतो आणि फडाला नाच्या मिळेना म्हणून स्वतःच नाच्या होतो. अतुल कुलकर्णी यांनी त्या भूमिकेसाठी आधी कमावलेला देह नंतर उतरवून दाखविला. गुणाच्या शरीराला कोणी हात लावलेला नसतानाच गाव त्याला खच्ची झालेला समजते. बायको, बाप, गाव सारे तुटतात, आणि पुढे पुरुषांच्या जमावाकडूनच त्याच्यावर अत्याचार होतो. शहरी प्रेक्षकांनी या चित्रपटातील लावण्या डोक्यावर घेतल्या. पुढच्याच वर्षी त्याच दिग्दर्शकाचा ‘बालगंधर्व’ आला आणि त्याच प्रेक्षकाने तो आदराने, जवळजवळ हात जोडून पाहिला. स्त्रीवेष दोघांनीही घेतला होता. एक संगीत नाटकाच्या मखरात बसला, त्याच्या शालूची आणि केशभूषेची नक्कल घरंदाज स्त्रियांनी केली. दुसरा कनातीतल्या तमाशात उभा राहिला आणि त्याच्या वाट्याला शिवी आली. पुरुषत्व गेले की राहिले हे आपल्याकडे देहावरून ठरत नाही. तिकीट कोणत्या वर्गाने आणि कोणत्या जातीने काढले यावरून ठरते, असे या दोन चित्रपटांना मिळालेल्या दोन प्रतिसादांवरून म्हणावेसे वाटते. राजीव पाटील यांचा २००९ सालचा ‘जोगवा’ पाहून गहिवरलेल्या प्रेक्षकाने दारात आलेल्या जोगत्याला काय वागणूक दिली असेल, हा प्रश्नही याच वहीतला.

हिंदी पडद्यावर तृतीयपंथीयांचे जे चित्र दीर्घकाळ उभे राहिले त्यात तर अशा द्विधेलाही वाव नव्हता. ते हसण्यासाठी तरी होते किंवा भिण्यासाठी. महेश भट्ट यांच्या १९९१ सालच्या ‘सडक’मध्ये सदाशिव अमरापूरकर यांनी रंगविलेल्या महाराणीला पाहून थिएटर शहारले, आणि खलनायकासाठी प्रथमच ठेवलेले फिल्मफेअर पारितोषिक त्यांना मिळाले. अभिनय असामान्य होता यात वाद नाही. परंतु पुंस्त्व नसणे म्हणजेच क्रौर्य, असे समीकरण त्या थरारासोबत प्रेक्षक घरी घेऊन गेले, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख देईपर्यंत ते फारसे कोणी तपासले नाही.

या साऱ्या भयाची किंमत आकड्यांत पाहायची असेल तर आणीबाणीकडे वळावे लागते. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश पुरुषांच्या होत्या. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांना संख्या ठरवून दिली गेली. पगार आणि बढती त्यावर अडविण्यात आली. तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये संमतही केले होते. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने ते कायदा होता होता राहिले. पुढे १९७८ मध्ये आय. एस. जोहर यांनी नामवंत नटांसारखे दिसणारे तोतये घेऊन ‘नसबंदी’ नावाचा प्रहसनवजा चित्रपट काढला. नसबंदीत शुक्रवाहिनी तेवढी कापून बांधली जाते. वृषण, त्यातून स्रवणारे द्रव्य, इच्छा, ताकद यांपैकी कशालाही धक्का लागत नाही. पण सक्तीने केलेली शस्त्रक्रिया आणि खच्चीकरण यांतला फरक लोकांना पटणार कसा? ज्या सरकारने गावाला वेढा घालून पुरुष पकडले, त्याच सरकारचा डॉक्टर हे काही नाही असे सांगत होता. लोकांनी सरकारला १९७७ मध्ये उत्तर दिले आणि तेव्हापासून कोणत्याही पक्षाने पुरुषाच्या नसबंदीचा विषय जोराने काढण्याचे धाडस केलेले नाही.

कुटुंबनियोजन मात्र थांबले नाही. ते स्त्रियांकडे वळले. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी, अधिक स्वस्त आणि कमी धोक्याची. स्त्रीच्या बाबतीत पोटात शिरावे लागते. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली, आणि ज्यांच्या पतीची झाली होती त्यांचे प्रमाण होते ०.३ टक्के. घरोघरी याचे कारण एकच सांगितले जाते: ह्यांना कामाला जायचे असते, ताकद जायला नको. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडातील बिलासपूरजवळ एका बंद पडलेल्या रुग्णालयात भरविलेल्या शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या. तेथून घरी परतल्यावर उलट्या आणि वेदना सुरू झाल्या, आणि त्यांपैकी तेराजणी दगावल्या. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. पुरुषांनी पुढे यावे म्हणून दर वर्षी नोव्हेंबरात पुरुष नसबंदी पंधरवडा पाळला जातो. त्याच्या भित्तिपत्रकांवरही बहुधा हसतमुख जोडपेच असते, आणि आरोग्यकेंद्राच्या बाकावर रांगेत बसलेल्या असतात त्या बायका.